टप्पा अनुदान : जीआर आधी, पैसे कधी?

महोदय,

अंशतः अनुदानित, म्हणजे शिक्षकांच्या पगाराचा काही भागच सरकारकडून मिळणाऱ्या शाळांच्या वाढीव टप्प्यावरून (सरकारी वाटा टप्प्याटप्प्याने वाढवण्यावरून) सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर जे आरोप करतात, ते वाचून राहवले नाही म्हणून हे पत्र. मी 100 टक्के अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. दरमहा निवृत्तिवेतन मिळते. अनुदान वाढवण्याच्या या मागणीत माझा एक रुपयाही अडकलेला नाही. पण आमच्या शाळेपासून थोड्याच अंतरावर वस्तीवरची एक शाळा आहे, तिला आजवर पूर्ण अनुदान मिळालेले नाही. तिथले शिक्षक तोच अभ्यासक्रम शिकवतात, त्यांची मुले त्याच मंडळाची दहावी देतात, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला त्यांनाही तोच आदेश येतो. फक्त पगाराच्या दिवशी ते आमच्यातले नसत. त्यातले एक गणिताचे शिक्षक शाळा सुटल्यावर दूध संकलन केंद्रावर काम करायचे. वर्गातली मुलेच दूध घालायला यायची.

ही स्थिती कोणामुळे आली, यावर विधिमंडळात तासन् तास वाद होतो. खरे तर त्यात वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही. 2001 मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवर, मान्यता द्यायचे धोरण आले, तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. त्याच आघाडीच्या सरकारने जुलै 2009 मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला. मग मूल्यांकन आले, निकष आले, त्रुटी आल्या, त्रुटीपूर्ती आली. प्रत्यक्ष 20 टक्के अनुदानाचा निर्णय व्हायला 2016 उजाडले, तेव्हा राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते. पुढचा टप्पा महाविकास आघाडीच्या काळात, त्यापुढचा फेब्रुवारी 2023 मध्ये महायुतीच्या काळात. म्हणजे आज विधानसभेत बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या पक्षाने या शिक्षकांना कधी ना कधी ‘तिजोरीत पैसा नाही’ असे सांगितले आहे, आणि विरोधात गेल्यावर त्यांच्याच मंडपात येऊन भाषणही केले आहे.

14 ऑक्टोबर 2024 रोजी आणखी 20 टक्के टप्पा देण्याचा शासन निर्णय (जीआर) निघाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. जीआर हातात, पण त्यामागे आर्थिक तरतूद नाही. तरतूद नसेल तर वेतन पथकाला वाढीव दराने देयक काढताच येत नाही, मग शिक्षणाधिकारी कार्यालयात कितीही खेटे घाला. शेवटी जुलै 2025 मध्ये, पावसाळी अधिवेशन चालू असताना, हजारो शिक्षकांना भर पावसात आझाद मैदानावर बसावे लागले. शरद पवार आणि उद्धव ठाकरे तिथे येऊन गेले, सरकारतर्फे गिरीश महाजन यांनी येऊन आश्वासन दिले आणि मग निधीचा विषय हलला. शाळा चालू असण्याच्या दिवसांत शिक्षक मुंबईच्या चिखलात, हे दृश्य मला फार लागले. त्या दिवसांत खेड्यांतल्या वर्गांत कोण शिकवत होते, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत मला कुठेच ऐकू आला नाही.

विरोधी मुद्देही मला माहीत आहेत आणि ते सगळेच खोटे नाहीत. संस्थांनी अनुदान मागणार नाही असे लिहून देऊन मान्यता घेतली, हे खरे आहे. पण ते हमीपत्र संस्थाचालकाचे होते. वस्तीवरच्या मुलाने किंवा तिथे नोकरीला लागलेल्या बी.एड. तरुणाने ते दिले नव्हते. काही संस्थाचालकांनी नेमणुकीसाठी पैसे घेतले, हेही गावोगावी लोक जाणतात. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या ओळख क्रमांकांचे) प्रकरण उघडकीस आले, तेव्हा खात्यातले अधिकारीही त्यात सापडले. अशांवर कारवाई झालीच पाहिजे, पैसेही वसूल व्हावेत. मात्र त्याचा आधार घेऊन पंधरा-वीस वर्षे प्रामाणिकपणे शिकवणाऱ्यांचा टप्पा अडवून ठेवणे अन्यायाचे आहे.

टप्पा म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. शिक्षकाच्या वेतनाचा 20, 40, 60 किंवा 80 टक्के भाग सरकार देते, उरलेला संस्थेने द्यायचा. हे झाले कागदावरचे. संस्था तो देत नाही, आणि कोरडवाहू गावात देऊही शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानाच्या प्रमाणात, किमान 25 टक्के मुलांना मोफत शिकवायचे बंधन अशा शाळेवर आहे. उरलेल्यांकडून फी घ्यायची म्हटले, तर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातून ती कशी येणार? म्हणून उरलेला भार शिक्षक स्वतःच्या पोटाला चिमटा काढून उचलतो. राज्याच्या शिक्षण खर्चाचा हा भाग आज त्याच्या बायकामुलांकडून वसूल होतो आहे, असे मी शब्द जपून म्हणतो.

तिजोरीवरच्या ताणाचे कारण मला पटत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटी रुपये ठेवले गेले. त्या बहिणींना पैसे मिळू नयेत असे मी म्हणत नाही, त्यांचीच मुले या शाळांत शिकतात. पण एका योजनेला वर्षाच्या सुरुवातीलाच तरतूद मिळते आणि दुसऱ्या खर्चासाठी आंदोलन करून पुरवणी मागणीची वाट पाहावी लागते, हा प्राधान्याचा प्रश्न आहे. या शाळांच्या पटावर किती शिक्षक आहेत, कोण कोणत्या टप्प्यावर आहे, हे सगळे शालार्थ प्रणालीत नोंदलेले आहे. पुढच्या वर्षी किती पैसे लागतील, हे अर्थ खात्याला मार्चमध्येच सांगता येते.

म्हणून मागणी एवढीच आहे. तरतुदीशिवाय टप्पावाढीचा एकही शासन निर्णय निघू नये. पात्र शाळा 100 टक्क्यांपर्यंत कोणत्या वर्षी पोहोचतील याचे वेळापत्रक विधिमंडळात मंजूर करून घ्यावे, म्हणजे सरकार बदलले तरी ते बदलणार नाही. आणि टप्पा पूर्ण होण्याआधीच जे निवृत्त होत आहेत, त्यांच्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा. आयुष्यभर शिकवून निवृत्तिवेतनाशिवाय घरी गेलेले सहकारी मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे वाट पाहायला वर्षे नाहीत.

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले 7 आमदार आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या जाहीरनाम्यात हा प्रश्न होता. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या सातही जणांनी, पक्ष बाजूला ठेवून, एकच लेखी प्रश्न विचारावा : टप्पा अनुदानासाठी या वर्षी कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदराखाली) किती रक्कम ठेवली आहे? मंत्र्यांचे उत्तर आपण आपल्या वृत्तपत्रात जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, मंगळवेढा (जि. सोलापूर)