नऊ पट्ट्या

पोळ्याची कर, सकाळी

दिगू,

पाकीट बघून दचकू नको, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी वहिनी भाजी निवडत बसलेल्या. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. चाळीस वर्षं तू जाऊ दिलं नाहीस, आता माझ्याच तोंडून कशाला. वाचून झालं की फाडून टाक. पाडव्यापासून माझी एक ओळ नाही, कबूल. डोळ्याच्या ऑपरेशनला आलो नाही, तेही कबूल. शिव्या एकरकमी दे, हप्ते पाडू नको.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे. सुनंदा बरी.

तर झालं असं की मी आंब्याची कलमं मागवली. मोबाइलवरून.

घे हसून. बी.एस्सी. अ‍ॅग्री माणूस, एकतीस वर्षं बँकेत शेतकी अधिकारी. फळबागेच्या कर्जाला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मी टेबलापलीकडून ऐकवायचो, की 1969 पासून कायदा आहे, फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, परवान्याची पावती आणा, मगच फाइल पुढं सरकेल. किती जणांना परत लावलं त्याचा हिशोब नाही. आणि मी स्वतः काय केलं? रात्री अंथरुणात पडून अंगठा दाबला. विद्यापीठाच्या कलमांसाठी पावसाच्या आधी नंबर लावावा लागतो, आणि मला जाग आली मृग बरसल्यावर. तुला सांगितलं असतं तर हिमायतबागेतल्या फळसंशोधन केंद्रातून तू आणून दिली असतीस, पण वर ‘पेन्शन लागली की माणूस सुस्तावतो’ हे भाषण ऐकावं लागलं असतं. त्या जाहिरातीत भाषण नव्हतं, घरपोच होतं. शिवाय ‘अस्सल मराठवाडा केशर, जीआय मानांकन’ असं लिहिलेलं. मानांकन आपल्या मातीतल्या आंब्याला, विकणारा परराज्यातला, आणि घेणारा मी केज तालुक्यातला. तिथंच शंका यायला पाहिजे होती.

चाळीस कलमं, एकशे नव्वदला एक. विहिरीकडच्या दहा गुंठ्यांत पाच बाय पाचवर बरोबर चाळीस बसतात, तो हिशोब तेवढा चुकला नाही. खड्डे उन्हाळ्यातच घेतलेले, शेणखत भरलेलं, ठिबकची नळी अंथरलेली. खोके नवव्या दिवशी अंबाजोगाईला आले. घरपोच म्हणजे कुरिअरवाल्या पोराच्या घरपोच. ‘काका, तुमचं गाव आमच्या रूटमधी नाही, येऊन घेऊन जावा.’ गेलो. खोक्यांवर ‘ही बाजू वर’ असा बाण होता आणि सगळे बाण जमिनीकडं. उघडलं तर सात पार वाळलेली, पानं चुरगाळली तर तंबाखूसारखी. बाकीची तेहतीस सुकली होती, पण जिवंत. सावलीत चार दिवस ठेवून पाणी दाखवलं, उभी राहिली.

सातांची तक्रार केली. आता खरी करमणूक ऐक. पहिल्यांदा यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. मी इतकं दाबलं की सुनंदा म्हणाली, पीठ मळायलात का? शेवटी एक पोरगा लागला, हिंदी बोलणारा. म्हटलं, आपके सात कलम सूख गये. तो म्हणाला, ‘सर, हम प्लांट्स बेचते हैं, पेन नहीं.’ दिगू, देवाशपथ सांगतो. रोपवाटिकेचा माणूस आणि कलम म्हणजे त्याला टाक-दौत. त्याच्यावर चिडू तरी काय, कुठल्यातरी शहरात आठव्या मजल्यावर कानाला यंत्र लावून बसलेलं पोर ते, त्याला आंब्याचं झाड दाखवलं तर ओळखायचं नाही. समोर कागद असणार, त्यावरचं वाचून दाखवत होता. ‘कृपया पौधे को पानी दें, दस दिन प्रतीक्षा करें.’ म्हटलं, बाबा, वाळलेल्या लाकडाला पाणी घातलं तर कुजतं, फुटत नाही. तो म्हणाला, ‘जी सर, धन्यवाद.’ तासाभरात मेसेज आला, आपली तक्रार निवारण झाली आहे, समाधान एक ते पाचात कळवा. एक दिला. त्याच्यावर लगेच दुसरा मेसेज, अभिप्रायाबद्दल आभार, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट.

पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, खोका उघडताना व्हिडिओ काढलाय का? सुनंदाला विचारलं, तू काढला होतास का गं? ती म्हणाली, आपल्या लग्नाचा कुणी काढला नाही, खोक्याचा कोण काढतंय.

सातांचं सोडून देणार होतो. तेराशे तीस रुपये, जीव काही जात नाही. दुबार म्हणून सात पाठवूही म्हणाले, ‘उपलब्धतेनुसार’, म्हणजे माघ-फाल्गुनात, कुरिअरचा खर्च माझा. आपल्याकडं फाल्गुनात लावलेलं कलम वैशाखात काय होतं ते तुला सांगायला नको.

आता मूळ गोष्ट. पोळ्याच्या आधी चार दिवस, बैलांच्या खांदेमळणीची तयारी चाललेली आणि मी आपला ब्लेड घेऊन कलमांच्या जोडावरच्या पट्ट्या सोडायला गेलो. नवी फूट चांगली वितीएवढी आलेली, आता पट्टी ठेवली तर गळा आवळणार. पहिल्या तीन-चारांचे जोड झकास, पाचर बसलेली, साल मिळून आलेली, जुन्या जखमेवर येते तशी गाठ. पाचव्याची पट्टी सोडली आणि खाली काहीच नाही. चष्मा पुसला. अंगठ्याचं नख मुळापासून वरपर्यंत फिरवलं. साल गुळगुळीत, एकसंध, पट्टीचे नुसते वळ उमटलेले, लहान पोराच्या पायावर मोज्याचे उमटतात तसे. काप नाही, पाचर नाही, जोड नाही. कोयीपासून उगवलेलं नुसतं रायवळ रोप, आणि त्याच्या मधोमध कलमाची पट्टी नीट पाच वेढे देऊन बांधलेली.

मी बांधावर मटकन बसलो.

कळलं ना? मला एका सेकंदात कळलं हे कसं केलं असेल. वरची पानं खुडायची, मधोमध पट्टी आवळायची, टॅग लावायचा. जगात दुसऱ्या कुणाला हे इतक्या लवकर कळलं नसतं. कारण 86 साली परभणीला, माझी पाचर तिसऱ्यांदा मोडल्यावर, हेच मी केलं होतं आणि शेजारच्या वाफ्यावर वाकून तू ते बघत होतास. वर कहर म्हणजे पंधरा दिवसांत सगळ्या वर्गात पहिली फूट माझ्या कलमाला. न फुटून सांगतं कुणाला, कापलंच नव्हतं! सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, ‘बांधणी बघा, किती सुबक.’ दहापैकी आठ. तुझं खरंखुरं कलम जळालं, तुला चार. तू महिनाभर बोलला नाहीस, माझ्या सायकलीची हवा रोज सोडलीस (ती तूच सोडत होतास, नाही म्हणू नको), आणि ‘पट्टीबहाद्दर’ हे नाव ठेवलंस. पण सरांना सांगितलं नाहीस. का सांगितलं नाहीस, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तेहतीसमधली नऊ निघाली तशी. नऊ पट्ट्या खिशात घालून घरी आलो. सुनंदा म्हणाली, तोंड का उतरलंय? म्हटलं, ऊन लागलं. ढग भरून आले होते.

परत तक्रार केली. ह्या वेळी लेखी, फोटो लावून, एका बाजूला जोड असलेलं खोड, दुसऱ्या बाजूला नसलेलं. उत्तर काय तर रोप मिळाल्यापासून 48 तासांत कळवायला हवं होतं. 48 तासांत पट्टी सोडली असती तर चांगली कलमंही मेली असती, हे त्यांना कोण सांगणार? बीडचा वकील पुतण्या म्हणतो, काका, 48 तास त्यांना आहेत, तुम्हाला नाहीत. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी 2020 चे नियम आहेत. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन लावा, नाही ऐकलं तर बीडच्याच ग्राहक आयोगात टाकू. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो, आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फीसुद्धा नाही. शेतकरी ग्राहक नसतो म्हणून पळवाट काढतील, म्हटलं. तर म्हणाला, बियाण्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2012 लाच तो मुद्दा मिटवलाय. पोरगं हुशार आहे. मसुदाही करून दिला. ‘अर्जदाराची हेतुपुरस्सर फसवणूक करून, बिगरकलमी रोपास पट्टी बांधून...’ इथपर्यंत वाचलं आणि सही करताना हात थांबला. अजून थांबलेलाच आहे. कागद फडताळात आहे.

पण ते पैशाचं. माझी झोप गेलीय ती रामभाऊमुळं.

माझ्या शब्दावर तिघांनी तिथूनच कलमं घेतली. सोयऱ्यानं दहा, शाळेच्या मास्तरांनी दहा आणि रामभाऊनं पंचवीस. रामभाऊला मोबाइलवर पैसे भरता येत नाहीत. त्यांचे मीच भरले आणि त्यांनी नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या. ‘सायबानं घेतलीत म्हणल्यावर बघायचं काय.’ परवा दिवस मावळताना त्यांच्या रानात गेलो. ते गोठ्यात असतील असं धरलं होतं. एकेका झाडापाशी वाकून पट्टीवरून बोट दाबत चाललो होतो. जोड असला की पट्टीखाली उंचवटा लागतो, नसला की लागत नाही. पंचवीसात सहा. शेवटच्या झाडापाशी पाठीमागून आवाज, ‘काय हुडकायलात साहेब?’

म्हटलं, मुंग्या.

‘मुंग्या बघायला चष्मा बदलून आलात व्हय?’ असं म्हणून हसले, आणि मला हाताला धरून बांधावर बसवून चहा पाजला. घोटाघोटाला तेच, तुमच्यामुळं माझ्या रानात बाग लागली. आधी नुसतं सोयाबीन आन् तूर. ज्या सहांना जोड नाही त्यातली दोन नेमकी सगळ्यात तरारलेली. ती दाखवून म्हणतात, ही जात बघा कशी जोमदार! दिगू, मला सरांचा आवाज ऐकू आला. ‘बांधणी बघा.’

गावरान आंब्याला नावं ठेवणारा मी कोण? पण कलम चार-पाच वर्षांत फळ दाखवतं आणि कोयीचं झाड आठ-दहा वर्षं नुसता पाला वाढवतं, आणि शेवटी कसला आंबा निघेल हे ब्रह्मदेवाला ठाऊक. रामभाऊ अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांना सांगायचं कसं? न सांगावं तर दहा वर्षांनी माझ्या नावानं तो आंबट आंबा गावभर फिरणार. सांगावं तर पुढचा प्रश्न येणार, साहेब, पट्टी न सोडता तुम्हाला कळलं कसं?

सोयऱ्याच्या आणि मास्तरांच्या झाडांना हात लावायची तर हिंमतच झालेली नाही.

तीन रात्री विचार केला तेव्हा एवढं सुचलं. माझी नऊ, त्यांची सहा, ही पंधरा रोपं वाईट नाहीत. मुळं धरलेला, जोमात असलेला, जागेवर लागलेला खुंटच आहे तो. त्याच्यावर आहे तिथंच मृदकाष्ठ कलम केलं, म्हणजे कोवळ्या शेंड्यात केशरच्या काडीची पाचर बसवली, तर उलट चांगलं, आपल्या कोरड्या हवेत जागेवरचं कलम बरं तगतं. पण हात तुझा पाहिजे. माझी पाचर 86 साली बसली नाही ती आता चष्म्यातून काय बसणार. हिमायतबागेत तुझी ओळख आहे. केशरच्या काड्या मिळव, तीन-चार महिन्यांच्या, खुंटाएवढ्याच जाडीच्या, पेन्सिलीसारख्या (पेनासारख्या म्हणत नाही). झाडावरच आठ-दहा दिवस आधी पानं कापून ठेवायला सांग, डोळे फुगू दे. पंधराला पंचवीस आण, सोयऱ्याकडं नि मास्तरांकडं काय निघतंय कुणास ठाऊक. ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रीच्या गाडीनं ये. महालक्ष्म्या उठल्या की लगेच निघ, सप्टेंबर सरला की हवा कोरडी पडते आणि जोड धरत नाही.

तुझं काय चाललंय? मुलीचं पुण्याचं घर झालं का, वास्तुशांतीला बोलावणार म्हणाला होतास. दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे? गच्चीवरचे गुलाब अजून आहेत, का वहिनींनी तिथं कपडे वाळत घातले? सगळं आल्यावर सविस्तर सांग, आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही.

तू आलास की आधी रामभाऊंच्या बांधावर जाऊ. बोलायचं ते मीच बोलेन, तू नुसता शेजारी उभा राहा. परभणीचं सांगायचं का, ते तिथं त्यांचं तोंड बघून ठरवू. अर्जावर सही त्यानंतर करतो.

वहिनींना नमस्कार. काय लिहिलंय विचारलं तर म्हण, आंब्याची कलमं करायला बोलावलंय. खोटं नाही ते.

तुझा
पट्टीबहाद्दर

ता. क. चाकू तुझाच आण, माझ्याकडच्यानं सुनंदा वांगी चिरते. पट्ट्या आणू नको. नऊ आहेत माझ्याकडं, धुऊन वाळवून ठेवल्यात.