मराठीला कीबोर्डावर एक दिवा हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी अकरा वर्षांपासून आपले सरकार सेवा केंद्र चालवते. कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉक ही बटणे चालू आहेत की बंद, हे दाखवणारे जे तीन बारके दिवे कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात असतात, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या खरिपात पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसे उभी होती. पाऊस चालू, वीज ये-जा करत होती. आठवड्यापूर्वीच मी तारेचा कीबोर्ड काढून नवा बिनतारी आणला होता. बॅटरी वाचावी म्हणून तसल्या कीबोर्डांना पुष्कळदा दिवेच देत नाहीत, हे घेताना माझ्या लक्षात आले नाही. पासवर्डाच्या चौकटीत नुसते काळे ठिपके दिसतात. तीनदा चुकला आणि लॉगिन अर्ध्या तासासाठी बंद झाले. इंग्रजी अक्षरे मोठी उमटवणारा कॅप्स लॉक चालू राहिला होता, बाकी काही नाही. तेवढ्यात सात-आठ जण कंटाळून निघून गेले. त्यातल्या दोघांचा विमा राहिला, आणि पुढे सोयाबीन पाण्यात गेले तेव्हा ते दोघे माझ्यासमोर येऊन नुसते बसले. एक शब्द बोलले नाहीत.

नम लॉकचेही तसेच. तो बंद असेल तर उजवीकडचे आकडे आकडे राहत नाहीत. ४ दाबला की कर्सर डावीकडे सरकतो, ७ दाबला की ओळीच्या सुरुवातीला पळतो. आधारचे बारा आकडे कार्डावर नजर ठेवून भराभर मारायचे आणि वर पाहावे तर चौकट रिकामी.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो भाषेचा. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डाच्या मांडणीवर, टाइप करते. माझी नजर सातबाऱ्यावर असते, पडद्यावर नाही. टायपिंगच्या परीक्षेलाही आम्हाला हेच शिकवले. मराठी चालू आहे की इंग्रजी, हे पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते पाहायचे राहिले की 'रामराव'च्या जागी 'जेईसीजेईबी' अशी इंग्रजी अक्षरे उमटतात, कारण इनस्क्रिप्टचा र जे वर आहे, काना ई वर आणि म सी वर. एकदा असाच अर्ज छापून गेला. म्हातारे काकाजी कागद उलटसुलट करून म्हणाले, "ताई, माह्यं नाव असं काऊन आलं?" त्यांना अक्षरओळख जेमतेम, पण आपले नाव कसे दिसते ते त्यांना पक्के माहीत होते. मला फार लाज वाटली.

माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने जे सांगितले, ते आजवर मला कुणी सांगितले नव्हते. आपल्याला वाटते, बटण दाबले की दिवा लागतो, घरातल्या बल्बासारखा. तसे नाही. कीबोर्ड फक्त 'हे बटण दाबले' एवढेच कळवतो. कॅप्स चालू की बंद, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर ठेवते, आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड सांभाळणारा भाग, उलट कीबोर्डाला निरोप देतो की आता दिवा लाव. जुन्या गोल पिनेच्या कीबोर्डाला आधी 'ईडी' हा संकेत जातो, कीबोर्ड 'एफए' असा होकार देतो, मग कोणता दिवा लावायचा ते जाते. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डाला हे दिवे नव्हतेच. १९८४ च्या एटी संगणकापासून कीबोर्ड असे निरोप घेऊ लागला आणि तीन दिवे आले. मला पटेना, तेव्हा त्याने माझ्या जुन्या, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या संगणकावर एक ओळ टाइप करून एंटर मारले. स्क्रोल लॉकच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता, तरी त्याचा दिवा लागला.

पुढचे ऐकून तर मी हातातले काम बाजूला ठेवले. यूएसबी कीबोर्डाच्या नियमांत दिव्यांच्या पाच जागा आहेत: नम, कॅप्स, स्क्रोल, कंपोझ आणि पाचवी काना. हा आपल्या बाराखडीतला काना नव्हे, ही जपानी लिपी. जपानी माणसाला आपली लिपी चालू आहे हे कळावे म्हणून जगभरच्या कीबोर्डांच्या नियमात एक दिवा राखून ठेवला आहे. आपण कधी असा दिवा मागितला होता का?

मागायला फार खर्चही नाही. स्क्रोल लॉकचा दिवा आमच्या कामात वर्षभर विझलेलाच असतो. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये दुसरी भाषा चालू असताना तोच दिवा लावण्याची सोय आहे. भाच्याने ती लावून दिली. आता त्या संगणकावर देवनागरी चालू असली की डोळ्याच्या कडेला हिरवा ठिपका दिसतो, मान वर करावी लागत नाही. पण आमची बहुतेक सरकारी कामे विंडोजवर चालतात आणि तिथे ही सोय तयार मिळत नाही. टॉगल कीज नावाचे सेटिंग मात्र आहे. ते चालू केले की कॅप्स किंवा नम लॉक दाबताना आवाज येतो. केंद्र चालवणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनी ते आजच चालू करावे. भाषा बदलल्याचे मात्र त्यातून कळत नाही.

म्हणून मराठी भाषा विभागाला आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला माझी विनंती आहे. मराठी टायपिंगसाठी जे सॉफ्टवेअर शासन देईल किंवा सुचवेल, त्यात देवनागरी चालू होताच स्क्रोल लॉकचा दिवा लागावा. आणि ग्रामपंचायतींसाठी, शाळांसाठी संगणक घेताना निविदेत 'कीबोर्डाला तिन्ही दिवे असावेत' ही एक ओळ घालावी. आज दिवे नसलेले कीबोर्ड खरेदी झाले, तर उद्या सॉफ्टवेअर कितीही चांगले आले तरी लावायला दिवाच नसेल.

कुणा अधिकाऱ्याला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर आमचे केंद्र रविवार सोडून रोज सकाळी साडेनऊला उघडते. जुना संगणक खिडकीजवळच्या टेबलावर आहे.

आपली,
एक सेवा केंद्र चालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ