इतके नट, इतका गोंगाट

गोलेटा, कॅलिफोर्निया

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

स्टीव्हन स्पीलबर्गसारख्या दिग्दर्शकाच्या हातून, तेही एवढे नामवंत नट हाताशी असताना, ‘१९४१’ हा विनोदी चित्रपट फसला कसा, असे तुम्ही फोनवर विचारले होते. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून तो पुन्हा पाहून सविस्तर लिहीत आहे.

आधी खरी हकिगत सांगते, कारण ती इथलीच, आमच्या एलवुडच्या किनाऱ्यावरची आहे. २३ फेब्रुवारी १९४२ च्या संध्याकाळी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे भाषण रेडिओवर चालू असताना, एका जपानी पाणबुडीने येथील तेलविहिरींवर तोफगोळे डागले. नुकसान किरकोळ झाले. भीती मात्र एवढी पसरली की, दुसऱ्याच रात्री लॉस एंजेलिसच्या विमानवेधी तोफांनी चौदाशेहून अधिक गोळे आकाशात झाडले, आणि उजाडल्यावर पाहतात तो पाडलेले विमान एकही नाही, कारण शत्रूचे विमान आलेच नव्हते.

असे आयते प्रहसन हाती आले असताना चित्रपटाने त्यावर आणखी दारूगोळा ओतला. कथा डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतरच्या आठवड्यात नेली आणि जॉन बेलुशी, डॅन अ‍ॅक्रॉइड, नेड बिटी अशी मंडळी एकाच वेळी मोकाट सोडली. जो तो पहिल्या प्रवेशापासून वरच्या पट्टीत ओरडतो, त्यामुळे पुढे आवाज चढवायला जागाच उरत नाही. बेलुशी आणि अ‍ॅक्रॉइड ही चित्रपट निघाला तेव्हाची गाजलेली जोडी, पण पडद्यावर दोघे जवळजवळ समोरासमोर येतच नाहीत. मग दोघांना घेतले तरी कशाला? नेड बिटीच्या अंगणात लष्कर तोफ आणून ठेवते आणि पाणबुडीवर नेम धरता धरता तो स्वतःचेच घर उद्ध्वस्त करतो, ही कल्पना उत्तम आहे. शेवटी तो दारावर नाताळची माळ खिळ्याने ठोकतो आणि उरलेसुरले घर कड्यावरून खाली जाते. परंतु तोवर इतकी पडझड पाहून झालेली असते की हसू येत नाही.

प्रहसनात निदान एक तरी माणूस शहाणा लागतो, असे तुम्ही हौशी नाटकांच्या तालमीत बजावत असा. इथे तो माणूस आहे: रॉबर्ट स्टॅकने केलेला जनरल स्टिलवेल. बाहेर रस्त्यावर सैनिक आणि नागरिक यांची हाणामारी पेटलेली असताना हा गृहस्थ चित्रपटगृहात बसून ‘डम्बो’ हा डिस्नेचा हत्तीच्या पिल्लाचा कार्टूनपट पाहतो आणि डोळे पुसतो. मला सर्वांत जास्त हसू आले ते इथेच. तुमचा आवडता जपानी नट तोशिरो मिफुने पाणबुडीचा कप्तान झाला आहे आणि क्रिस्टोफर ली तिच्यावरचा जर्मन अधिकारी. मिफुने जपानीत आणि ली जर्मनमध्ये बोलतो, दोघांना एकमेकांचे सगळे समजते, आणि दोघेही गंभीर राहतात म्हणूनच ते प्रसंग साधतात. असे शहाणे आणखी दोन-तीन असते, तर वेड्यांचे वेडेपण उठून दिसले असते.

नृत्यस्पर्धेचा प्रसंग मात्र चुकवू नये; नाच, पाठलाग आणि मारामारी तिथे एकाच तालात बांधली आहे आणि कॅमेरा त्या गर्दीतून इतका सफाईने फिरतो की, स्पीलबर्गने याच शिस्तीत सगळा चित्रपट का केला नाही, याची चुटपुट लागते. चित्रपट कुठे मिळाला तर लांबवलेली आवृत्ती घेऊ नका, मूळची दोन तासांची पुरे आहे.

आईस नमस्कार.

तुमची लेक