हवाई कर्मचाऱ्यांचे भत्ते पगारपत्रकावर वेगळे दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिटर्न भरायचे दिवस आले की वैमानिक आणि केबिन क्रू हमखास विचारतात, लेओव्हरचा (दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामाचा) भत्ता करमुक्त की करपात्र? तो कशासाठी दिला यावर ते ठरते, आणि पगारपत्रकावर नेमके तेवढेच लिहिलेले नसते.

१९६१ च्या आयकर कायद्यात, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या पगारासाठी, कलम १०(१४) आणि नियम २बीबी पाहावा लागतो. होम बेसपासून (नेमणुकीच्या विमानतळापासून) दूर असताना रोजच्या खर्चासाठी मिळणारा दैनिक भत्ता प्रत्यक्ष खर्चाएवढा करमुक्त असतो. उरलेली रक्कम पगारात धरली जाते. वाहतूक व्यवसायातल्यांसाठी आणखी एक सवलत आहे. ड्युटीवर प्रवासात असतानाच्या वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल, तर त्याचे ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये, यातली कमी रक्कम सुटते. यासाठी बिले लागत नाहीत. मात्र दैनिक भत्ता घेणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. तासांवर मिळणारा फ्लाइंग अलाउन्स कामाचा मोबदला म्हणून दिला असेल, तर तो पूर्ण करपात्र.

१०,००० ची मर्यादा दर महिन्याची आहे आणि सर्वाधिक घोळ तिथेच होतो. एका महिन्यात २५,००० मिळाले, पुढच्या महिन्यात रजेमुळे ५,००० च मिळाले, तर सुटतात १०,००० अधिक ३,५०० (५,००० चे ७० टक्के), म्हणजे १३,५००. फॉर्म १६ वर (कंपनीने दिलेल्या पगार व करकपातीच्या वार्षिक दाखल्यावर) मात्र ३०,००० ची बेरीज दिसते आणि दोन महिन्यांचे म्हणून सरळ २०,००० ची सूट मागितली जाते. मागणी फॉर्म १६ शी जुळली नाही की आयकर खात्याची कलम १४३(१)(अ) ची सूचना येऊ शकते. तिला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

नव्या करप्रणालीत ही ७० टक्क्यांची सवलत नाही, गणवेश भत्त्याचीही नाही. दैनिक भत्त्याची आणि दौऱ्याच्या प्रवासखर्चाची सूट मात्र कायम आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. वर्षाला जास्तीत जास्त १,२०,००० रुपये सुटले, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ३७,४४० रुपये वाचतात (अधिभार नसेल तर). पण नव्या प्रणालीचे दर कमी आहेत आणि प्रमाणित वजावट ५०,००० ऐवजी ७५,००० आहे. गृहकर्ज, ८०सी (बचत-गुंतवणुकीवरची वजावट) असे दुसरे काही नसेल, तर केवळ या भत्त्यासाठी जुनी प्रणाली घेणे बहुधा तोट्याचे ठरते. शिवाय रिटर्न मुदतीनंतर भरले, तर जुनी निवडताच येत नाही.

दैनिक भत्त्यासाठी रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक), जेवणाची बिले आणि कार्डाचे स्टेटमेंट महिनावार लावून ठेवावे. हॉटेलचे बिल कंपनीने परस्पर भरले असेल, तर तो आपला खर्च धरू नये. राहत्या शहरातून बेसला ये-जा करणे हा दौरा नव्हे. परकीय चलनातला भत्ता ज्या महिन्यात देय झाला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच्या स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने (बँक परकीय चलन विकत घेते त्या दराने) रुपयांत धरायचा. कार्डावरचा दर वापरला की आकडे जुळत नाहीत. कंपनीच्या मोफत तिकिटांची मात्र धास्ती नको, एअरलाइनच्या कर्मचाऱ्यांना त्यांवर परिलब्धी (पगाराव्यतिरिक्त मिळणारा लाभ) म्हणून कर लागत नाही.

‘इतर भत्ते’ या एकाच ओळीत सगळे कोंबले, की कर्मचाऱ्याला हक्काची सूट मागणे अवघड होते, आणि ती चूक त्याची नसते. विमान कंपन्यांनी दैनिक भत्ता, फ्लाइंग अलाउन्स आणि गणवेश भत्ता पगारपत्रकावर वेगवेगळे छापावेत आणि फॉर्म १६ सोबत महिनावार तक्ता, वापरलेल्या विनिमय दरासह, द्यावा. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती असतेच. ती कर्मचाऱ्यांना जूनमध्येच मिळावी.

– एक करसल्लागार