काजूबियांचा जुना हिशेब

देवगड,
18 जानेवारी 2026

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी रागावून घे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण माझा फोन हल्ली बहुतेक वेळ सुमनच्या हातात असतो आणि हे तिला अजून कळलेले नाही. तब्येत ठीक आहे. साखर होती तिथेच आहे.

देवळाच्या पडवीत आपण काजूच्या बिया लावून एकवीस खेळायचो, तेव्हा पाने वाटण्याचा तुझा हट्ट आठवतो का? आपण दोघेही एकवीसच्या पुढे गेलो तरी माझ्या बिया तूच उचलायचास, कारण मी आधी बाद झालेलो असायचो. त्यावरून मी तुझा सदरा फाडला होता आणि अण्णांनी दोघांनाही रहाटाचे पाणी ओढायला लावले होते. ते भांडण मी चाळीस वर्षांनी हरलो आहे, आणि ते मला 48,000 रुपयांना पडले.

जुलैच्या पावसात कलमांचे काम नव्हते, म्हणून मोबाइलवर ब्लॅकजॅक खेळू लागलो. सुरुवातीला नुसत्या खोट्या नाण्यांवर. खेळ आपलाच आहे, एकवीसच्या पुढे न जाता वाटणाऱ्यापेक्षा जवळ पोचायचे: राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकाचा किंवा अकराचा, बाकीची पाने अंकाप्रमाणे. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते, आणि त्याला सोळापर्यंत पान घ्यावेच लागते, सतराला थांबावे लागते; डोके चालवण्याची मुभा त्याला नाही. ती आपल्याला आहे, आणि मी फसलो तो तिथेच. नशिबाच्या खेळापासून मी दूर राहिलो असतो. पण इथे प्रत्येक डावाला बरोबर उत्तर असते आणि ते पाठ करता येते. दहावीला गणितात काठावर सुटलेल्या माणसाला याचे केवढे अप्रूप वाटले असेल, ते तूच जाणशील.

कोणत्या पानांवर काय करायचे याचा तक्ता मी खरोखरच पाठ केला. वाटणाऱ्याचे पान चार, पाच किंवा सहा असेल आणि आपल्याकडे बारा ते सोळा असतील, तर थांबायचे. कारण सहा दाखवणारा वाटणारा शंभरात सुमारे 42 वेळा स्वतःच बाद होतो. सात किंवा त्याहून मोठे पान असेल, तर सतरापर्यंत मागत जायचे. एक्क्यांची आणि आठांची जोडी नेहमी फोडून दोन डाव करायचे, दहाची कधीही फोडायची नाही. अकरावर बहुतेक वेळा डाव दुप्पट करायचा. वाटणाऱ्याचा एक्का दिसला की ‘विमा’ घ्या म्हणतात, म्हणजे त्याचे झाकलेले पान दहाचे निघेल अशी वेगळी पैज. तो घ्यायचा नाही, कारण तेरापैकी चारच पाने दहाची असतात आणि विमा देतो दुप्पटच. एक्का आणि दहाचे पान एकदम आले, तर शंभराला दीडशे देणारे टेबल शोधायचे, एकशेवीस देणारे टाळायचे. हे सगळे चोख पाळले, तर शंभराच्या डावात सरासरी पन्नास पैसेच जातात. आपल्या बागेत वानरेही याहून जास्त नासधूस करतात.

पण मग सोळा येतात. हातात सोळा, समोर दहा: थांबले तरी चारपैकी साधारण तीन वेळा हरायचे, मागितले तरी जवळपास तितकेच. बरोबर उत्तर असूनही हरण्याची मला सवय होईना. चूक केली असती तर स्वतःला शिव्या देऊन उठलो असतो. चूक नव्हती, म्हणून बसून राहिलो.

ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. ऑक्टोबरमध्ये एका परदेशी साइटची लिंक आली आणि मी, शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, मला नाही, असा वकिली विचार करून आत शिरलो. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच कुणाचातरी यूपीआय असायचा. बाबल्या असता तर एवढ्यावरच त्याने माझा मोबाइल विहिरीत टाकला असता.

तू आता पाने मोजण्याचा, म्हणजे कोणती पाने निघून गेली ते लक्षात ठेवून उरलेल्यांचा अंदाज बांधण्याचा, प्रश्न काढशील. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 साली ती युक्ती जगासमोर मांडली हे खरे. पण मोबाइलमधला संगणक प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसतो, मग मोजायचे काय? जिवंत माणूस पाने वाटतो त्या टेबलावर आठ कॅट, म्हणजे 416 पाने. अण्णांच्या गंजिफ्याची 120 पाने मोजताना आपण दोनदा चुकलो होतो. (एकदा तू. ते मी अजून मान्य करून घेणार आहे.)

तक्ता सोडला नाही, पण रक्कम वाढवली. हरलो की दुप्पट: शंभर, दोनशे, चारशे. सलग सात डाव गेले की 12,700 रुपये जातात आणि आठव्याला 12,800 लावावे लागतात, तेही फक्त शंभर मिळवण्यासाठी. माझे तीनदा सात गेले. मधे एकदा 9,000 जिंकलो होतो. ते ‘पडताळणी’त अडकले ते अडकलेच. गेलेले पैसे मोहोराच्या फवारणीचे होते. या वर्षी मोहोर चांगला आहे, हे त्यातले सर्वांत वाईट. पहिली फवारणी उधारीवर झाली. दुसरीसाठी दुकानदार पैसे मागतो आहे.

तुझ्याकडे पैसे मागत नाही. मीनलचे लग्न तोंडावर आहे हे मला कळते. तिला आशीर्वाद सांग. वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले? तुझी बढती झाल्याचे बंड्याकडून कळले, अभिनंदन.

तू पाने का वाटायचास, हे तुला तेव्हा कळत होते की नुसता हट्टीपणा होता, एवढे मात्र मला लिही. बाद होण्याची पाळी आधी माझी यायची, तुझी नंतर. सगळा धंदा तेवढ्यावर चालतो. मी वाटणाऱ्याचे नियम जसेच्या तसे पाळले तरी हरणार मीच.

सुमनला शनिवारी सांगणार आहे. तोपर्यंत फोन करू नकोस. केलासच, तर मीनलच्या लग्नाबद्दल बोल.

तुझा,
विन्या