पापलेट, पट्टी आणि तुझं जाळं

पुणे, रविवार रात्र

प्रिय संज्या,

परवा फोनवर माशांच्या कोट्यावरून, म्हणजे किती पकडायचं याच्या ठरलेल्या मर्यादेवरून, तू एवढा तापलास की माझी बोलतीच बंद झाली, म्हणून आता लिहून टाकतो. "पुण्यात बसून कोटा कोटा करतोस, आधी जाळं ओढून बघ." मान्य आहे बाबा. हर्णैला बोटीत बसून अर्ध्या तासात उलटी करणारा माणूस मी, तात्या अजून हसत असतील.

पण आज काय झालं ऐक. सकाळी गणेश पेठेत गेलो, श्रावण असला तरी आमच्याकडे कोण पाळतंय, आणि स्वस्त मिळाली म्हणून छोटी पापलेटं घेतली. घरी आल्यावर तुझं भांडण आठवलं आणि पोरीच्या कंपासमधली पट्टी काढून एक मोजलं तर तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम ११ सेंटिमीटर! २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींना किमान मापं ठरवून दिली, त्यात पापलेटचं १३५ मिलिमीटर. म्हणजे आमच्या पिशवीत राज्यमाशाची पोरं. बायको म्हणाली, "आता मोजून काय, परत समुद्रात सोडणारेस?"

आणि युरोपातही असंच चालायचं रे, नियम कागदावर आणि मासा मेलेलाच. दर डिसेंबरला तिकडचे मंत्री बसून ठरवणार की कॉड इतका पकडायचा, हॅडॉक इतका (दोन्ही तिकडचे खायचे मासे), आणि मोजणी कशाची, तर बंदरात उतरवलेल्या मालाची, मेलेल्या माशांची नाही. मग कॉडचा कोटा संपला की जाळ्यात आलेला चांगला कॉड बोटीवरून मेलेलाच परत पाण्यात टाकायचा, तसा नियमच, आणायला गेलास तर गुन्हा. कागदावर मासे वाचले, समुद्रात मेले. २०१४ ला धोरण बदललं आणि २०१५ ते २०१९ टप्प्याटप्प्यानं सांगितलं की कोट्यातल्या जातींचं जे पकडाल ते किनाऱ्यावर आणा आणि कोट्यात धरा, थोड्याफार सवलती ठेवून.

इथे तुझा मुद्दा बरोबर आहे हे मी आधीच कबूल करतो. एका जाळ्यात दहा जातींचे मासे येतात, त्यातल्या एकाचा कोटा संपला की बाकीचा कोटा शिल्लक असूनही बोट बांधून ठेवायची? तिकडच्या मच्छीमारांनीही हीच बोंब मारली, आणि भर समुद्रात कोण काय फेकतंय हे बघायला कोण जाणार. नॉर्वेनं कॉड-हॅडॉक फेकायला १९८७ लाच बंदी घातली, पण त्यांचं डोकं बघ. कोट्याबाहेरचा मासा आणला तर थोडेच पैसे द्यायचे, आणायचा त्रास निघेल एवढे, मुद्दाम पकडावासा वाटेल एवढे नाही. आणि एखाद्या भागात पिल्लं फार यायला लागली की तो भागच काही दिवस बंद. मला हे आवडलं, कारण यात माणसाला चोर ठरवून सुरुवात होत नाही.

आपल्याकडे मात्र उलटंच आहे ना. कोटा नाही, १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि बाकी दिवस फेकायचा प्रश्नच कमी, कारण सगळंच विकलं जातं. मोठं हॉटेलला, बारीक माझ्यासारख्याला आणि अगदीच चिखल झालेलं फिशमीलवाल्याला, म्हणजे माशाची भुकटी करणाऱ्याला. त्यामुळे "फेकू नका" असा कायदा इथे आणून काय उपयोग, फेकतंय कोण? इथे पिल्लाला गिऱ्हाईक आहे हीच अडचण, आणि त्या गिऱ्हाइकात मी पण आलो. तू म्हणतोस तसं बंदरात छापा टाकून दंड करून काय होणार, मासा तर मेलाय. जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, मोठा असेल तर पिल्लू पाण्यातच निसटेल, पण मग शेजारची बोट बारीक आस घेऊन तुझ्या पुढे जाणार, तर तू एकट्यानं का बदलायचं, हे मला कळतं. म्हणून सगळ्या बंदराला एकच आस हवा असं माझं म्हणणं, त्यावर शिव्या घाल.

हो, पापलेटं तळली आणि खाल्ली. चव चांगली होती, काटेच जास्त.

गणपतीला येशील तेव्हा जाळ्याचा एक तुकडा घेऊन ये, खोल्याकडचा, म्हणजे मासे जमतात त्या शेवटच्या टोकाचा. पट्टी आहेच घरात. तात्यांना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या