कॉलेजचं नाव नंतर, मॅच किती मिळणार ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला, डिग्रीच्या ॲडमिशन चालू झाल्यात आणि ओळखीतल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे आईवडील मला फोन करून विचारतायत की स्पोर्ट्स कोट्यातून कुठलं कॉलेज घ्यावं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं तुम्हालाच लिहावं, चार घरं जास्त वाचतील.

माझा मुलगा विकेटकीपर आहे. दोन वर्षांपूर्वी बारावीनंतर त्याला दोन कॉलेजांतून विचारणा झाली. एक क्रिकेटमधलं मोठं नाव, दुसरं घराजवळचं साधं, त्यांच्याकडे तर धड कीपरच नव्हता, एक बॅट्समनच ग्लोव्हज घालून उभा राहायचा. आम्ही मोठं नाव घेतलं, नातेवाइकांना सांगतानाही बरं वाटत होतं. पण तिथे आधीच कीपर किती आहेत हे ना मी विचारलं ना त्याच्या बाबांनी. होते दोन. त्यातला एक टीवायला, म्हटलं वर्षभराने हा जाईल मग आपल्याला चान्स, तर त्याने तिथेच एम.कॉम.ला ॲडमिशन घेतली, आणि इंटर-युनिव्हर्सिटीला २५ वर्षांपर्यंत खेळता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या मुलाची यात काहीच चूक नाही, गुणी पोरगा आहे. पण बॅट्समन पाच-सहा खेळतात, बोलर चार-पाच खेळतात, कीपर एकच.

दोन सीझनमध्ये माझ्या मुलाला कॉलेजकडून तीन मॅच मिळाल्या. मला ते घरी कपड्यांवरून कळायचं. शाळेत असताना आझाद मैदानावरून आला की पांढऱ्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर लाल मातीचे डाग असायचे, रात्रभर भिजवून ब्रशने घासले तरी जायचे नाहीत, मी ओरडायचे त्याला. आणि आता सकाळी साडेपाचच्या लोकलला किटबॅग घेऊन गेलेला मुलगा संध्याकाळी यायचा आणि पँटला इस्त्रीची घडी तशीच. तो काही बोलायचा नाही, मी पण विचारायचे नाही, नुसती पँट धुवायला टाकायचे.

लोक म्हणतात मोठ्या कॉलेजात नेटमध्ये तरी शिकायला मिळतं. बॅट्समनला, बोलरला मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण नेटमध्ये स्टंपच्या मागे जाळी असते हो, कीपर नसतो. पन्नास ओव्हर उठबस करून मांड्या भरून आल्यावर लेगसाइडचा खाली राहिलेला बॉल पकडायचा, हे मॅच खेळूनच येतं. आणि सिलेक्शनच्या वेळी स्कोअरशीट बघतात, तिथे बारावा खेळाडू म्हणून नाव असून काय उपयोग.

मैदानावर अशा मुलांना समजावायला सगळे अमोल मुझुमदारचं उदाहरण देतात. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन आणि कांबळीने ६६४ रनांची पार्टनरशिप केली तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून तो पॅड बांधून बसून राहिला, आणि पुढे त्याच मुलाने फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन केले. खरंच मोठा माणूस. पण तो त्या मॅचमध्ये टीमचा भाग होता, त्याचा नंबर लागणार होता आणि पुढच्या मॅचेसमध्ये लागलाही. दोन-दोन वर्षं टीमबाहेर बसणाऱ्या मुलाला हे उदाहरण देऊ नका.

माझा दीर न्यूजर्सीला असतो, त्याचा मुलगा तिकडे हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळतो, पिचर आहे म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा. कॉलेज बघताना त्याने कोचला सरळ विचारलं की तुमच्याकडे माझ्यासारखे डावखुरे पिचर किती, कितव्या वर्षाला आहेत, यंदा किती बाहेर पडतायत आणि मला पहिल्या वर्षी किती खेळवाल. कोचने पण सरळ सांगितलं, पहिल्या वर्षी फार नाही. तिकडे मैदानात एका वेळी नऊ जण असतात आणि सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या बऱ्याचशा टीम्सना २०२५-२६ पासून जास्तीत जास्त ३४ मुलं ठेवता येतात, म्हणजे बसून राहणारे तिथेही खूप. पण कोण कितव्या वर्षाला, कुठल्या जागेवर खेळतो ही यादी कॉलेजच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसते. म्हणून आता तो आधी दोन वर्षांचाच कोर्स असलेल्या छोट्या कॉलेजात जाऊन पहिल्यापासून खेळायचं आणि मग मोठ्या कॉलेजात जायचं असा विचार करतोय. सतरा वर्षांच्या पोराला हे सुचलं, आम्हा दोघांना सुचलं नाही याचं मला वाईट वाटतं.

लहान कॉलेजच घ्या असं माझं म्हणणं नाही. तिथे नॉकआउटमध्ये पहिली मॅच हरली की सीझन संपला असंही होतं, शिवाय पिच, सामान, हजेरीची सवलत सगळ्याचीच मारामार. पण सही करायच्या आधी सरांना विचारा की आमच्या मुलाच्या जागेवर किती जण आहेत, ते पीजीला थांबणार आहेत का, मागच्या वर्षी राखीव मुलांना किती मॅच मिळाल्या. उत्तर द्यायला सर टाळाटाळ करायला लागले तर तेच उत्तर समजा. आम्ही कॉलेजच्या भरवशावर राहिलो नाही म्हणून बरं, पावसाळ्यात कांगा लीगला क्लबकडून त्याला ग्लोव्हज घालायला मिळाले, नाहीतर मला वाटतं त्याने खेळ सोडलाच असता.

कॉलेजांना माझी एकच विनंती आहे. कोट्यातून घेतलेल्या प्रत्येक मुलाला गेल्या सीझनला किती मॅच मिळाल्या ते ॲडमिशनच्या आधी नोटीस बोर्डवर लावा. नावं नकोत, नुसते आकडे चालतील. स्कोअरबुक तुमच्याकडे असतंच, मोजायला तासभर पण लागणार नाही.

आपली,
एका विकेटकीपरची आई
मुलुंड (पूर्व), मुंबई
(मुलगा अजून त्याच कॉलेजात आहे, कृपया नाव छापू नये.)